मंद स्क्रीन, काकांची नवमी

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

सकाळी मशीन चालू केली तर स्क्रीन गुलाबी! लग्नातल्या फेट्यासारखी. दोन मिनिटांनी गुलाबी रंग गेला, मळकट राखाडी झाली आणि तशीच राहिली. आकडे आहेत, पण गढूळ पाण्याखाली असल्यासारखे.

फडक्यानं काच पुसली. कूलंटचा तेलकट थर निघाला, फडकं काळं झालं, उजेड काही वाढला नाही. पलीकडच्या साध्या लेथवरून घनश्यामभाऊ ओरडले, "डोये तपासून घे वो बबिता, उमर झाली तुही." एकोणतीस! त्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, मग म्हणाले, "अंधारच हाय बावा." चला, डोळे तरी माझे शाबूत आहेत.

हरिसिंगकाका असते तर एव्हाना मागचं कव्हर उघडून बसले असते. पोळ्याच्या दिवशी शेडमध्येच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. या शेडमधली ही एकच सीएनसी, आकडे टाइप करून चालवायची लेथ, चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. मी चार वर्षांपासून त्यांच्या हाताखाली. आज सतरा दिवस झाले, मी एकटी आहे हिच्यासमोर. आणि हिला आत्ताच आंधळं व्हायचं होतं!

बुधवार, १० सप्टेंबर

सेटिंगच्या पानावर जाऊन ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवला. ढिम्म. मशीन बंद करून मागचं कव्हर काढलं, केबल काढून पुन्हा दाबून बसवली. फ्यूज चांगला. मीटर लावला, चोवीस व्होल्ट बरोबर येतात. म्हणजे वीज आत जाते आणि उजेड बाहेर येत नाही.

मग चुकून एक गोष्ट कळली. मागच्या वायरी बघायला मोबाइलचा टॉर्च लावला होता, तो तिरपा समोरच्या काचेवर पडला — आणि अक्षरं दिसली! स्वच्छ. टॉर्च हलवला की गेली. म्हणजे अक्षरं आहेत, अक्षरांमागचा दिवा मरायला टेकलाय. आयटीआयमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं. मला फार आनंद झाला, आणि सांगायला कोणी नव्हतं.

मालक, विठ्ठलभाऊ, दुपारी आले. शेतातून थेट, पायाला काळी माती.

"काय म्हणते मशीन?"

"स्क्रीनचा मागचा दिवा चालला भाऊ."

"दिवाच ना? काम तं होते?"

"होते."

"मंग कर."

एवढ्यावर गेले असते तर बरं होतं. दारातून परत फिरले. "दसरा झाला का कापसाचे जिनिंगवाले त्याइच्या यंत्राच्या बुशसाठी बोंबलत येतीन. दिवायीच्या आंदी पयला लॉट गेला पाहिजे. नाई गेला तं मी हे मशीन नागपूरच्या भंगारवाल्याले देतो आन् शेडमदी सोयाबीनचे पोते ठेवतो. हरिसिंगच नाई तं मले कायले पाहिजे हे लफडं?"

हरिसिंगच नाई! मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात पाना होता.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मशीन गेली तर मी कुठे जाणार, हे आज जेवणाच्या सुट्टीत नीट विचार करून पाहिलं. कापूस वेचणीला. कमरेला ओटी बांधून, आईच्या, माझ्या याडीच्या, शेजारच्या तासात. वणीत मागे दोन ठिकाणी ऑपरेटरच्या जागेसाठी गेले होते. एकानं विचारलं, तू चालवशील का झाडशील? दुसरा नुसता हसला. या मारेगावात मला ऑपरेटर म्हणणारा एकच माणूस होता आणि त्याला आता पाणी मागता येत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

काकांकडे गेले. मुकुटबनची एसटी, मग तांड्यापर्यंत चिखल.

त्यांची बायको हंसाबाई दारातच. "आव छोरी, बेस." आत खाटेवर काका. केवढासा झालाय माणूस! तोंड उजवीकडे ओघळलेलं. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. डॉक्टर म्हणतात आता काही समजत नाही त्यांना. मी बोलत राहिले — स्क्रीन मंद झालीय काका, टॉर्च लावून वाचते, भाऊंचं हे असं, घनश्यामभाऊंचं ते तसं. बडबड सगळी.

डावा हात मात्र चालू आहे. काका मुळात डावरे, त्यावरून घनश्यामभाऊ किती छळायचे त्यांना. त्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर टकटक, टकटक. चार-पाचदा ठोकतात, मग हात सरकवून एक जोरात. मग पुन्हा पहिल्यापासून. थांबतच नाहीत.

"दिवसभर असंच चालते," हंसाबाई म्हणाली. "डागदर म्हणते नसाइचं हाय. झोपले का बंद होते, उठले का सुरू. माहं तं डोकं उठते."

मला ते बघवेना. सहाच्या बसला अजून अर्धा तास होता, तरी बसची वेळ झाली म्हणून उठले. हंसाबाईनं पिशवीत मूठभर ओल्या शेंगा टाकल्या. खोटं बोलून मिळालेल्या शेंगा बसमध्ये खाल्ल्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

स्क्रीन आता सकाळची दहा मिनिटंच दिसते. मग काळी. एका हातात टॉर्च, एका हाताने बटणं. दोन्ही हात लागले की टॉर्च दातात. तोंडाला प्लॅस्टिकची चव.

पण एक मजा झाली. दुपारी टॉर्चची बॅटरी उतरली आणि मी तशीच टाइप करत राहिले. बोटं आपली आपण जात होती. आकडा, आकडा, बिंदू, आकडा, मग उजव्या कोपऱ्यात इनपुट. टॉर्च परत चार्ज करून तपासलं, एकही चूक नाही! चार वर्षं काका मागे उभं राहून म्हणायचे, "छोरी, डोयानं नको पाहू, बोटाइले पाठ होऊ दे." झालं की पाठ.

जेवताना याडी म्हणाली, "ताटावर काय ठोकून राह्यली वो? भाकर खाय." बघते तर माझी बोटं ताटाच्या काठावर! दोघी हसलो.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. वणीहून वामनराव आले, टीव्ही दुरुस्तीवाले. चष्मा कपाळावर, तो शोधायला पाच मिनिटं. टॉर्चनं पाहून म्हणाले, "मागची ट्यूब मेली. बारीक ट्यूब असते काचीची. आता भेटत नाई ते. मी जुन्या टीव्हीतली एलईडी पट्टी कापून बसवून देतो, फकफकाट पडते पाय." कधी? दसरा झाल्यावर. नवरात्रात ते दुकानाचा उंबरठा फक्त देवीसाठी ओलांडतात. आज आले ते पाहायला आले, पाहण्यात काम धरत नाहीत म्हणे.

बरं. बारा दिवस.

बुधवार, २४ सप्टेंबर

खालच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतंय असं वाटलं. टॉर्च धरला तर तिरीप नेमकी तिथेच पडते आणि काहीच वाचता येत नाही. मरणारा दिवा आहे, लुकलुकणारच. सोडून दिलं. चाळीस बुश निघाले आज.

मंगळवार, ३० सप्टेंबर

उद्या खंडेनवमी. शेड धुतली. भाऊंनी विचारलं, "पूजा कोण करते यंदा?"

हा प्रश्न खराच आहे. इथे नवमीला सगळी यंत्रं बंद होतात. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, भाऊंचा ट्रॅक्टरसुद्धा. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. फक्त सीएनसी काका चालू ठेवायचे. त्यांच्या कोपऱ्याला पत्र्याचं दार आहे, ते आतून लावून घ्यायचे आणि अर्धा तास एकटेच पूजा करायचे. चालू मशीनची! मला चार वर्षांत एकदाही आत घेतलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "हिले जागी ठेवूनच पूजा करा लागते. झोपली का गेली." घनश्यामभाऊ म्हणतात तांड्याचं काहीतरी गुपचूप करत असतील, कोंबडं वगैरे. मी चिडायचे. मी पण तांड्याचीच, असलं काही आमच्यात नसतं! पण मग काय करायचे ते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मागच्या नवमीला दार उघडून बाहेर आले तेव्हा म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तुले शिकवतो माही पूजा." पुढचं वर्ष हे.

भाऊ म्हणाले, "चालू मशीनले हयदकुकू लावते काय कोणी? त्याच्यानंच बिचाऱ्यावर हे आलं. यंदा रीतीनं करू. मेन बंद."

मी हो म्हटलं. खरं लिहायचं तर बरंच वाटलं. एवढी वर्षं दाराबाहेर उभी होते, यंदा दार उघडं ठेवून पूजा करणार.

बुधवार, १ ऑक्टोबर

मेन मीच बंद केला. तो खट् आवाज झाला आणि पंखे थांबत थांबत थांबले. हळदकुंकू लावलं, स्क्रीनवर कुंकवाची पाच बोटं उठवली, कीबोर्डला माळ. भाऊंनी नारळ फोडला. घनश्यामभाऊ म्हणाले, "आता कशी लक्ष्मीवानी दिसते." दिसत होती खरी.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सोनं दिलं, घेतलं. काकांना पाठवायचं राहिलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मेन चालू केला. स्क्रीन पूर्ण काळी, सकाळची दहा मिनिटंही नाहीत. वरचा लाल दिवा लागलेला. टॉर्च धरला, ओळीच ओळी, एकही धड वाचता येत नाही. दरवाजाचा स्विच असेल म्हणून तो साफ केला. हवेचा प्रेशर पाहिला. काही नाही. उद्या वामनराव येतील, उजेडात बघू.

शनिवार, ४ ऑक्टोबर

उजेड आला. किती उजेड! वामनरावांनी पट्टी बसवली, आम्ही बटण दाबलं आणि स्क्रीन अशी फटफटली की घनश्यामभाऊंनी हात आडवा धरला. नवी असतानाही अशी नसेल. एकेक अक्षर कोरल्यासारखं.

आणि अक्षरं ही — अलार्म, अलार्म, अलार्म. पानभर. मी पुढचं पान उघडलं. प्रोग्रॅमची यादी: रिकामी. पॅरामीटर: शून्य, शून्य, शून्य. खाली, खाली, आणखी खाली. सगळी शून्यं. मशीनला आपण कोण आहोत हेच आठवत नाही! किती लांब जायचं, कुठे थांबायचं, काही नाही. चौदा वर्षांचं सगळं गेलं.

खालच्या कोपऱ्यात तीन अक्षरं लुकलुकत होती. बी, ए, टी. बॅटरी. त्या दिवशी मी हेच सोडून दिलं होतं.

वामनरावांनीच ती शोधली, बाजूच्या छोट्या झाकणामागे. मीटर लावला. "शून्य पॉइंट चार. मेली कवाचीच." मग चष्मा खाली ओढून म्हणाले, "हे काय लिवलं?"

सेलवर चिकटपट्टी, तिच्यावर काकांचं डावं, मागे झुकलेलं अक्षर: नवमी २०२४. झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाची बोटं. एकाखाली एक. मोजली. तेरा.

ही होती पूजा!

बंद मशीनची आठवण या सेलवर टिकते. सेल वर्षभर पुरतो. आणि बदलताना मशीन चालू असावी लागते, नाहीतर सगळं पुसतं. हिले जागी ठेवूनच. काका दर नवमीला दार लावून एक सेल बदलत होते आणि झाकणाला कुंकू लावत होते. तारीख विसरू नये म्हणून नवमी. आम्ही कोंबडं म्हणत होतो.

रोज रात्री बंद ठेवली तरी आठ-दहा तास कसंबसं निभलं असेल. दोन दिवस मी तिला रीतीनं झोपवलं. माझ्या हातानं. माळ घालून.

रविवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर पडून. याडीला ताप आहे म्हणून सांगितलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

नवा सेल टाकला. चालू मशीनवर, आता काय उपयोग. भाऊंना सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "मीच म्हणलं होतं बंद कर." मग बराच वेळ बाहेर ट्रॅक्टरला टेकून उभे होते.

कॅबिनेटच्या दारात प्लॅस्टिकच्या पाकिटात पॅरामीटरची छापील यादी निघाली, मशीन नवी असतानाची. बावीस पानं. एक आशा. आज सहा पानं टाइप केली. बोटं शहाणी आहेत, मालकीण मूर्ख आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

बावीस पानं झाली! अलार्म एकेक करून गेले. अक्ष हलले. घनश्यामभाऊंनी बर्फी आणली, मी खाल्ली, आणि मग टरेट फिरवला.

टरेट म्हणजे आठ हत्यारं धरणारं गोल डोकं. फिरलं, आणि दोन हत्यारांच्या मध्येच थांबलं. कुलूप लागेना. पुन्हा फिरवलं, या वेळी थांबलंच नाही, घरघरत राहिलं. इमर्जन्सी दाबली.

यादी पुन्हा वाचली. टरेटचे सात आकडे, किती वेळ फिरायचं, कधी थांबायचं, कधी घट्ट धरायचं, ते रकाने यादीत कोरेच आहेत. काकांनी तो टरेट एकदा अपघातानंतर अख्खा उघडला होता, माझ्या आधीची गोष्ट. आकडे त्यांनीच बसवले. कुठे लिहिले? डब्यात नाहीत, कपाटात नाहीत, वहीत नाहीत. त्यांच्या डोक्यात. आणि ते डोकं...

शुक्रवार, १० ऑक्टोबर

बॅकलॅशचा आकडाही यादीत जुना होता, म्हणजे अक्ष उलटा फिरताना किती ढिलाई धरायची तो. तो मी डायल लावून स्वतः मोजला. तीनदा. अठरा येतात. १८५१ नंबरच्या घरात अठरा भरले. हे एक जमलं. पण टरेटला डायल कुठे लावू? अंदाजानं आकडे टाकले. एकदा कुलूप लागलं असं वाटलं, तेवढ्यात हत्यार चकला, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्याला, घासलं. असा आवाज पुन्हा ऐकायचा नाही मला.

पुण्याच्या इंजिनिअरला फोन. "दिवाळीनंतर बघू मॅडम." जिनिंगवाल्याचा फोन भाऊंना. भाऊ मला म्हणाले, "बबिता, तुनं लय केलं. आता सोड. मंगयवारी नागपूरची गाडी येऊन राह्यली." सौम्यपणे म्हणाले. मी "बरं" म्हटलं.

फकफकीत स्क्रीन आहे आता. भंगारवाल्याला एकेक अक्षर वाचता येईल.

रविवार, १२ ऑक्टोबर

काकांना सांगायला गेले. समजो न समजो, मशीन गेली हे त्यांना माझ्या तोंडून कळावं. खाटेजवळ खाली बसले आणि सांगितलं. नवमी, मेन, सेल, शून्यं, टरेट. मंगळवार. मध्येच रडले, लाज नाही वाटली. तेरा बोटं मोजली काका, चौदावं माझ्यामुळे नाही उठलं.

काका भिंतीकडे पाहत होते. आणि ती बोटं टकटक, टकटक, सरकून एक जोरात. मी रडतेय आणि हे चालूच! सहन झालं नाही. तो हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला, थांबवायला. त्यांनी हिसका दिला. एवढा जोर! घशातून काहीतरी ओरडले, डोळे लाल.

"हात नको धरू वो त्याइचा," हंसाबाई धावली. "हात धरला का लय चिडते. मी बी नाई धरत."

न जेवता निघाले. आता कोणाकडेच जायचं राहिलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हे लिहायलाच पाहिजे.

जेवायला बसले. भूक नव्हती. याडीनं वरण वाढलं आणि एकदम माझा हात धरला, "बस कर ना वो ते ठोकणं!" आणि मी हिसका दिला. जोरात. वरण सांडलं. माझा आकडा अर्धा राहिला होता! टरेटचे आकडे मनात जुळवून पाहत होते मी, इनपुट दाबायचं बाकी होतं.

याडी बघत राहिली. मी माझ्या हाताकडे.

चार-पाचदा ठोकतात. मग हात सरकवून, उजव्या कोपऱ्यात, एक जोरात.

साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. डोळे मिटून बोटं ठेवली, बोटांखाली पेनानं खुणा केल्या. कीबोर्ड काढला, मापात. सकाळची पहिली एसटी सव्वासहाची.

सोमवार, १३ ऑक्टोबर

परतीच्या एसटीत लिहितेय, अक्षर हलतंय.

पुठ्ठा काकांच्या डाव्या हाताखाली सरकवला. त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली. माझ्याकडे पाहिलं. मग एक, आठ, पाच, एक, इनपुट. एक, आठ, इनपुट. बॅकलॅश, अठरा! मग टरेटचे सातही, घराच्या नंबरासकट. दोनदा लिहून घेतले, दोन्ही वेळा तेच.

भाऊंना तिथूनच फोन केला, उद्याची गाडी नका बोलावू. "आकडे कोणं सांगतले?" काकांनी, म्हटलं.

१४ सप्टेंबरला ते हेच सांगत होते. नवमीला सतरा दिवस होते तेव्हा. आणि मी बसची वेळ झाली म्हणून उठले होते.

काकांनी शेवटचं इनपुट दाबलं आणि बोटं थांबली. आवाज बंद झाला म्हणून हंसाबाई चुलीजवळून पळत आली. काका जागे होते.